एनआयएस माहिती पुरवते, खातरजमा करत नाही

युनिक्स संगणकांच्या जाळ्यात एनआयएस बसवले की लॉगिनची राखण मध्यवर्ती सर्व्हर करू लागतो, ही समजूत खोल रुजलेली आहे आणि मांडणीतल्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात. प्रत्यक्षात हा सर्व्हर पासवर्ड तपासतच नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात ही सेवा ‘यलो पेजेस’ नावाने आणली. ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क असल्याने बदलून ‘एनआयएस’ करावे लागले, पण आज्ञांच्या सुरुवातीचे ‘वायपी’ टिकले. खाती, गट आणि होस्ट यांच्या फाइली प्रत्येक यंत्रावर वेगळ्या सांभाळाव्या लागू नयेत, एवढाच तिचा हेतू होता. कोणी लॉगिन करू लागले की क्लायंट सर्व्हरकडे त्या नावाची ओळ मागतो. जुन्या, रुळलेल्या मांडणीत त्या ओळीतच पासवर्डचा हॅश असतो. टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश काढून तो जुळतो का पाहणे आणि आत घेणे, हे सारे क्लायंटच करतो. ओळ कशासाठी मागितली, हे सर्व्हर विचारत नाही. त्यामुळे साधा वापरकर्ताही ‘वायपीकॅट’ चालवून सगळ्यांचे हॅश उतरवून घेऊ शकतो आणि दुसऱ्या यंत्रावर सवडीने फोडत बसू शकतो.

डोमेनबद्दलचा गैरसमज याच मुळाचा. एनआयएस डोमेन म्हणजे डीएनएसमधले डोमेन नव्हे. ते सर्व्हरवरच्या नकाशांच्या, म्हणजे त्या फाइलींपासून बांधलेल्या तक्त्यांच्या, संचाला दिलेले नाव आहे आणि ‘वायपी’ फोल्डरमध्ये त्याच नावाचा उपफोल्डर असतो. तरीही अनेक ठिकाणी संस्थेचे डीएनएस नावच इथे वापरतात, म्हणजे ओळखायला सर्वांत सोपे नाव. डोमेनचे नाव सहज ओळखता येऊ नये, असा सल्ला पूर्वीपासून दिला जातो, कारण नाव ठाऊक असणे एवढीच इथली मूळ अट होती. नंतर आलेल्या ‘सिक्युअरनेट्स’ फाइलने ठरावीक पत्त्यांनाच उत्तर देण्याची सोय केली, पण पत्ता यंत्राचा असतो, माणसाचा नव्हे. उलट बाजूही तितकीच उघडी आहे. सर्व्हरचे नाव नेमून दिले नसेल, तर क्लायंट जाळ्यात हाक देतो आणि जो आधी उत्तर देईल त्याला जोडला जातो. उत्तर देणारा खरा सर्व्हर आहे की नाही, हे तो पडताळत नाही.

मुख्य सर्व्हर बंद पडला की दुय्यम सर्व्हर त्याची जागा घेतो, हेही अर्धेच खरे. दुय्यमाकडे फक्त प्रती असतात. लॉगिन चालू राहतात, पण पासवर्ड बदलणे आणि नवी खाती थांबतात, कारण बदल मुख्य सर्व्हरवरच होतात. तिथेही मजकुराची फाइल दुरुस्त करून भागत नाही. ‘मेक’ चालवून नकाशे नव्याने बांधावे लागतात आणि मग ते दुय्यमांकडे जातात. त्या वेळी एखादा दुय्यम बंद असेल, तर त्याच्याकडे जुनीच प्रत उरते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते मुख्य सर्व्हरवरून काढले, तरी त्या प्रतीतून ते चालत राहते. म्हणून दुय्यमाने ठरावीक वेळाने स्वतः नकाशे ओढून घ्यावेत अशी क्रॉनची नोंद हवीच. ती टाळणे मला अक्षम्य वाटते.

आमचे जाळे बंदिस्त आहे, मग बिघडले कुठे, असा आक्षेप येतो. पण त्या जाळ्यात कोणीही आपल्या लॅपटॉपवर स्वतः रूट असतो. तिथून तो हव्या त्या वापरकर्त्याचा क्रमांक धारण करतो, आणि जाळ्यावर फाइली वाटून देणारे साधे एनएफएस त्या क्रमांकावर विश्वास ठेवते; रूटला रोखणारी सोय इथे कामी येत नाही. हॅश वेगळ्या नकाशात ठेवून तो १०२४ खालच्या पोर्टवरून विचारणाऱ्यालाच द्यावा, हा उपाय साध्या वापरकर्त्याला अडवतो, रूटला नाही. दुसरा आक्षेप असा की आता एलडॅप आहे, प्रश्न संपला. १९९८च्या आरएफसी २३०७ने एनआयएसमधली माहिती एलडॅपमध्ये कशी मांडावी हे सांगितले, पण एलडॅपही मुळात डिरेक्टरीच आहे. टीएलएसशिवाय साधे बाइंड केले, तर पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. फ्रीआयपीएमध्ये डिरेक्टरीच्या जोडीला खातरजमा करणारे केर्बेरॉस असते, ते यासाठीच. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सने ९व्या आवृत्तीत एनआयएस काढून टाकले. ज्यांना ते अजून चालवावे लागते त्यांनी नकाशात हॅशच्या जागी तारांकन ठेवावे, रूटचे खाते नकाशात घालू नये, क्लायंटवर सर्व्हरची नावे नेमून द्यावीत आणि पासवर्डची तपासणी केर्बेरॉसकडे सोपवावी.