दाताचे कवच आणि फ्लोराइडविरहित टूथपेस्ट

दाताच्या शुभ्र बाह्य कवचाला दंतवल्क म्हणतात. मानवी शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. वजनाच्या मानाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. परंतु त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे झिजलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही. गोड खाल्ल्यावर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात व कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ ती काही अंशी परत भरून काढते. या भरपाईस जी टूथपेस्ट हातभार लावील, तीच दात बळकट करणारी म्हणावयाची.

या कामी फ्लोराइड हे सर्वांत अधिक कसोटीस उतरलेले द्रव्य होय. मग त्याच्यावाचून असलेल्या पेस्टची चौकशी का होते? उत्तर विहिरीच्या पाण्यात आहे. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात आणि दक्षिणेस नलगोंडा जिल्ह्यात भूजलातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग पडल्याची व हाडे जायबंदी झाल्याची उदाहरणे सर्वश्रुत आहेत. या दोहोंच्या मध्ये, आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या इंद्रवेल्लीच्या एखाद्या मातेने या नावाची धास्ती घेतली, तर नवल नाही.

फ्लोराइडविरहित पेस्टमधील घटकांपैकी हायड्रॉक्सिअपॅटाइट हा दंतवल्काचाच सूक्ष्म सजातीय होय. जपानमध्ये त्याची पेस्ट १९८० साली बाजारात आली आणि १९९३ साली दंतक्षयप्रतिबंधक घटक म्हणून त्यास मान्यता मिळाली. दुधातील केसिनपासून केलेले संयुगही दातास कॅल्शियम व फॉस्फेट पुरविते. मात्र ज्यांना दुधातील प्रथिनांचे वावडे (ॲलर्जी) आहे, त्यांनी ते टाळावे. झायलिटॉल या गोडीपासून जंतूंना आम्ल करता येत नाही, पण ती स्वतः खनिज भरीत नाही. खडूची पूड दात घासते. कडुनिंब, बाभूळ व लवंग तोंड स्वच्छ ठेवतात. परंतु एवढ्याने कवच भरून येत नाही. कोळसा व राखुंडी यांच्या खरखरीतपणाने तर ते झिजतेच, आणि मिश्रीत तंबाखूचे विष असते ते वेगळेच.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दातांवरील डाग हे दात घडत असताना, म्हणजे बालपणी, पोटात गेलेल्या फ्लोराइडचे फळ असते. पेस्ट बदलल्याने ते पुसले जात नाहीत. म्हणून प्रथम पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ग्राह्य आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाणी निर्दोष असता केवळ भीतीपोटी फ्लोराइडची पेस्ट टाकून देणे म्हणजे कीड ओढवून घेणे होय. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू न देता थुंकावयास शिकवावे. पाण्यात दोष आढळल्यास पेस्टची निवड दंतवैद्याच्या सल्ल्याने करावी, पण त्याआधी घागर निराळ्या पाण्याने भरावी.