जांबचे समर्थ, धुळ्याची बाडं

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ सालच्या रामनवमीला ठोसरांच्या घरी नारायण जन्मला आणि पुढे आसनगावच्या बोहल्यावरून पळाला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. टाकळी, चाफळ, सज्जनगड यांवरही पुष्कळांनी लिहिलंय. मला ओढ आहे ती समर्थांच्या कागदांची, आणि त्यासाठी जांबहून धुळं गाठावं लागतं.

धुळ्यात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. शंकर श्रीकृष्ण ऊर्फ नानासाहेब देव हे तिचे प्राण. पेशानं वकील, पण हयात गेली रामदासी मठ धुंडाळण्यात. मठोमठी बाडं पडलेली असत. पोथीची पानं सुटी, आडवी, रुमालात बांधलेली. बाड मात्र वरच्या कडेला शिवलेलं, कीर्तनकारानं काखेत मारून गावोगाव न्यावं असं. त्यात करुणाष्टकाशेजारी आरती, आरतीखाली कुणा शिष्याचं पद आणि मधेच खोकल्यावरचा काढा! संशोधकाला हा काढा अडगळ वाटेल, मला वाटत नाही. समर्थांचे शब्द ज्या घरांत रोज म्हटले जात होते, त्या घरांतली खोकणारी पोरंही त्या पानावर भेटतात.

परंड्याजवळच्या डोमगावला समर्थांचे शिष्य आणि लेखनिक कल्याणस्वामी यांचा मठ आहे. तिथली कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत देवांनी मिळवली आणि तिच्यावरून १९०५ साली दासबोध छापला. त्याआधीही दासबोध छापला जात होता. पण समर्थांच्या लेखनिकाचीच प्रत समोर ठेवून पाठ ठरवणं, हे काम वेगळ्या तोलाचं. पाठोपाठ ‘रामदास आणि रामदासी’ ही ग्रंथमाला निघाली आणि मठांत कोंडलेलं वाङ्मय वाचकांच्या हाती आलं. सभेची खरी समाजसेवा मी हीच मानतो.

धुळ्याची मातीच अशी. इतिहासाचार्य राजवाडे इथेच १९२६च्या अखेरीस वारले आणि आठ-दहा दिवसांत त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. एका गावात अशा दोन संस्था म्हणजे भाग्यच.

सभेनं १९३५ साली समर्थ वाग्देवता मंदिर उभारलं. नावात मंदिर असलं, तरी इथलं दैवत हस्तलिखितं. खुद्द समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायण इथे आहे. ते पाहताना माझी नजर अर्थाकडे गेलीच नाही, अक्षरावरच खिळली. दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास आहे: अक्षर वाटोळं असावं, ओळी सरळ असाव्यात, शाई काळी असावी, इतकं बारीकसारीक सांगणारा. सांगणाऱ्यानं स्वतः बोरू धरून सबंध रामायण उतरवलं होतं, हे ती पानं पाहिल्यावर पटतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या. पुढे त्या सापडल्या आणि गावाचा जीव भांड्यात पडला. मूर्ती गेल्याचं सकाळी लगेच कळतं; माळ्यावरचं बाड वाळवीनं खाल्लं तर कळतही नाही. घनसावंगी, अंबड, परतूरकडच्या जुन्या घरांत अजून बाडं असतील. जीर्ण झाली म्हणून ती गोदावरीत सोडू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या सुती कापडात बांधा, पानापानाचे फोटो काढा आणि जाणकाराला एकदा दाखवा. काढ्याचं पानसुद्धा.