न हललेला चमचा

आठ-नऊ महिन्यांचं बाळ जेवायला बसलंय. अंगावरचं दूध नुकतंच सुटलेलं, वरचं अन्न अजून चाखलेलंही नाही. समोर वेगवेगळ्या वाट्या मांडल्या आहेत. दूध, अंडं, केळं, गाजर, मांस, कलेजी. मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. शेजारी परिचारिका हातात चमचा धरून बसली आहे, पण चमचा हलवायची तिला मुभा नाही. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच घास उचलायचा आणि त्याने तोंड उघडलं तरच भरवायचा. काय घेतलं, काय सोडलं, यावर एक अक्षर बोलायचं नाही.

डॉ. क्लारा डेव्हिस यांनी हा प्रयोग १९२६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला सुरू केला आणि पुढे शिकागोला नेला. बाळं १५, पदार्थ ३४. या मुलांची जेवणं पाहून कुठल्याही आईच्या पोटात गोळा आला असता. कुणाची न्याहारी म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि वर कलेजी, तर कुणाचं रात्रीचं जेवण म्हणजे बरीचशी अंडी, केळी आणि दूध. दोन मुलांचा आहार सारखा नव्हता आणि एकाच मुलाचे दोन दिवसही सारखे नव्हते. तरीही सगळी मुलं छान वाढली. एका बाळाला मुडदूस होता, म्हणून त्याच्यापुढे कॉड माशाच्या यकृताचं तेलही ठेवलं जाई. ते त्याने आपल्या मर्जीने, कधी थोडं कधी जास्त, हाडं बरी होईपर्यंत घेतलं.

एका बाळाच्या गोष्टीवरून सिद्धान्त उभा राहत नाही. म्हणून लीअ‍ॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेले आकडे मला जास्त मोलाचे वाटतात. त्यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांनी खाल्लेला प्रत्येक घास मोजला. एकेका जेवणातल्या उष्मांकांत सरासरी ३३.६ टक्के चढउतार निघाला. आईला दिसतो तो हाच. सकाळी दोन बश्या पोहे आणि दुपारी वरणभाताला हातसुद्धा नाही! पण दिवसभराची बेरीज केली, तेव्हा चढउतार १०.४ टक्क्यांवर आला. एका जेवणात कमी पडलेलं पुढच्या जेवणात भरून निघत होतं. ज्यांना अजून धड दहापर्यंत मोजता येत नाही, त्यांचं शरीर हा ताळेबंद जुळवत होतं.

कसं, तर पोट ताणलं की तिथले मज्जातंतू मेंदूला खबर देतात. अन्न लहान आतड्यात उतरलं, की आतडं संप्रेरकं सोडून ‘आता पुरे’ सांगतं. अंगावरची चरबीसुद्धा लेप्टिन नावाच्या संप्रेरकातून साठा किती आहे ते कळवत राहते. ही सगळी बोलणी मुलाच्या आत चालू असताना आपण बाहेरून वाटी घेऊन मागे धावत असतो.

आणि धावण्याने नुकसानच होतं. एका प्रयोगात लहान मुलांना भोपळ्याचं आणि मक्याचं सूप दिलं. एका सुपाच्या वेळी ‘संपव बरं’ असा आग्रह होता, दुसऱ्याच्या वेळी नव्हता. आग्रह नसलेलं सूप मुलं जास्त प्यायली आणि त्याला नावंही कमी ठेवली. दुसऱ्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना मोठं वाढप दिलं तरी ती खायची तेवढंच खात. पाच वर्षांची मात्र वाढपाबरोबर जास्त खाऊ लागली होती. दोनच वर्षांत लक्ष पोटावरून ताटावर सरकलं होतं. ताटात टाकू नये ही आपली शिकवण चांगलीच आहे, पण मग ताटात वाढायचंच थोडं आणि लागेल तसं मागू द्यायचं.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी घरात पाळता येईल अशी साधी वाटणी केली. काय, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. मुलासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही, पण त्याला ओळखीचं एक काहीतरी पानात असू द्यायचं. आपल्याकडे हे किती सोपं आहे! शेपूची भाजी पानाच्या कडेला राहिली, तरी पोळी, भात, दही आहेच. शेपू पुन्हा वाढायची, न बोलता. मुलाला नवी चव पटायला दहा-पंधरा वेळाही लागू शकतात.

मोठ्यांच्या वाट्याचं काम मात्र सोडता येत नाही. डेव्हिसबाईंनीच लिहून ठेवलंय की प्रयोगाची खरी किमया पदार्थांच्या यादीत होती. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. जेवायच्या अर्ध्या तासाआधी हातात बिस्किटाचा पुडा दिला, तर पोटाच्या हिशेबाला दोष देऊ नये. आणि ज्या घरात पानच भरत नाही, तिथे ही वाटणी सांगायचा कुणाला अधिकार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. तिथे आधी अन्न पोचायला हवं. मुलाचं वजन महिनोन्‌महिने वाढत नसेल, गिळताना त्रास होत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

पण घरात सकस अन्न आहे, मूल खेळतंय, वाढतंय आणि तरी रोज जेवणाच्या वेळी रडारड होते, अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच : आज रात्री पान वाढा, मुलाशेजारी बसून स्वतः जेवा आणि ते ‘पोट भरलं’ म्हणालं, की पान उचलू द्या.