हॉटेल खरंच ‘इको-फ्रेंडली’ आहे का? खरेदीची यादी बघा

रामटेक तालुक्यातल्या सिल्लारी गेटमधून पेंचच्या जंगलात जाता येतं. अशा जंगलांजवळच्या महागड्या रिसॉर्टच्या खोलीत ‘टॉवेल पुन्हा वापरा’ असं कार्ड दिसतं. साबण, पाणी, भाजी कुणाकडून घेतली, हे मात्र ते कार्ड सांगत नाही.

‘ग्रीन पर्चेसिंग’ म्हणजे नेमकी हीच चौकशी. माल घेताना दरासोबत तो किती लांबून आला, कशात गुंडाळला आणि वापरल्यावर त्याचं काय होणार, हेही बघायचं. छोट्या शाम्पूच्या बाटल्यांऐवजी भिंतीवरचे डिस्पेन्सर, थर्माकोलऐवजी परत नेता येणारे क्रेट. मुंबईतलं ऑर्किड १९९७ मध्ये सुरू झालं. आशियातलं पहिलं इकोटेल प्रमाणित पंचतारांकित हॉटेल अशी त्याची ओळख आहे.

प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि चमच्यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. मग त्याची जाहिरात कसली?

खरी अडचण कागदांची आहे. नागपुरी संत्री, भिवापुरी मिरची, रामटेकची विड्याची पानं हाताशी आहेत, पण मोठी हॉटेलं प्रमाणपत्र मागतात आणि छोट्या शेतकऱ्याला ते महाग पडतं. त्यावर ‘पीजीएस-इंडिया’ हा स्वस्त मार्ग आहे: किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची सेंद्रिय शेती तपासतात.

दुसरी अडचण उधारीची. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. लोणचं-पापड पुरवणाऱ्या बचत गटाने उद्यम नोंदणी केली असेल, तर हा नियम त्यांनाही लागू होतो.

पुढच्या बुकिंगआधी रिसेप्शनला एवढंच विचारा: तांदूळ कुठला आणि पाणी कुठल्या बाटलीत?