संत्रा-लिंबाचं झाड पिवळं पडतंय? मोबाईलने फोटो नेमका कुठला काढायचा?

पावसाळा संपत आला की वाडीतलं संत्र्याचं किंवा लिंबाचं झाड पिवळं पडायला लागतं. मग घरात ज्याच्याकडे चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल असेल त्याला हाक येते, "अरे, त्या ॲपमध्ये बघ ना काय झालंय!" आपण पानाचा फोटो काढतो, ॲप 'बुरशी' म्हणतं, तो स्क्रीनशॉट कृषी केंद्रात दाखवून बाबा औषध आणतात, फवारतात. आणि तरीही झाड वाळतं.

यात ॲपची चूक थोडीच असते. प्लांटिक्ससारखं ॲप तुमचा फोटो त्याला आधी शिकवलेल्या फोटोंशी ताडून बघतं आणि सगळ्यात जास्त जुळणारं नाव सांगतं. म्हणजे फोटोत जे दिसतं तेवढंच त्याला कळतं. आपल्या भागातल्या संत्र्याचा सगळ्यात वाईट रोग मात्र पानात नसतो, तो मुळात आणि बुंध्यात असतो. त्याचं नाव फायटोप्थोरा. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात, कारण बुंध्याची साल तडकून त्यातून डिंक गळतो.

गंमत म्हणजे फायटोप्थोरा खरी बुरशी नाहीच! दिसते बुरशीसारखी, पण नात्याने शेवाळाच्या जवळची. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तो हिच्याच भावकीतल्या एका जातीमुळे. तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, शेपटीसारखे दोन तंतू हलवत. ही नुसती पुस्तकी माहिती नाही. बुरशी म्हटलं की सर्रास दिलं जाणारं कार्बेन्डाझिम या रोगावर चालतच नाही. इथे मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल-एएल लागतं. 'बुरशीचं औषध द्या' एवढंच सांगितलं तर पैसे वाया जाऊ शकतात.

आता चंद्रपूर-गडचिरोलीचं बघा. मूल, सिंदेवाही, आरमोरीकडची जमीन धानाची. बांधीत पाणी थांबलं पाहिजे, हीच तिची खुबी. संत्र्याला नेमकं तेच नको असतं. मुळाशी पाणी साचलं की बीजाणूंना पोहायला तळंच मिळालं! म्हणून धुऱ्यावर किंवा उंचवट्यावर झाड लावा, चर काढून पाणी बाहेर जाऊ द्या, आणि कलमाचा जोड जमिनीपासून किमान वीतभर वर ठेवा. जोडावर माती चढवणं ही फार नेहमीची चूक आहे. आळंही दुहेरी करा. आतलं आळं बुंध्याभोवती कोरडं राहतं आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात द्यायचं.

मग फोटो कुठले? पहिला बुंध्याचा, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, डिंक आणि तडे दिसतील असा. दुसरा मुळांचा. थोडी माती उकरून बारीक मुळी चिमटीत ओढा. साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला, तर मूळ कुजलंय. तिसरा पानाचा, पण जवळून. शिरा पिवळ्या आणि बाकी पान त्यामानाने हिरवं असेल तर मुळावर किंवा बुंध्यावर संशय घ्या. उलट शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर बहुतेक लोह किंवा जस्ताची कमतरता.

पानावर काळी काजळी दिसली तर वेगळंच प्रकरण. ती कोळशी. काजळी बुरशीचीच असते, पण ती वाढते काळ्या माशीने सोडलेल्या चिकट गोड द्रावावर. माशीचा बंदोबस्त न करता बुरशीनाशक मारून काय होणार?

डिंक्यावर स्वस्त उपाय म्हणजे बोर्डो पेस्ट. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. बादल्या प्लास्टिकच्याच घ्या, लोखंडी नको. मिश्रणात विळ्याचं स्वच्छ पातं क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घाला. रोगट साल चाकूने खरवडून ही पेस्ट बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत लावायची, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. त्याच दिवशी संपवा, शिळी चालत नाही. कोरडा दिवस शोधायला हवामान खात्याचं मेघदूत ॲप आहे, मराठीत.

औषधाची मात्रा डब्याच्या लेबलवरूनच घ्या. शंका असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, फोन फुकट. किंवा तिन्ही फोटो घेऊन सिंदेवाही नाहीतर गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. नागपूरच्या अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही आहे.

एटापल्ली-भामरागडकडच्या मित्रांनो, शेतात रेंज नसेल तर ॲप उघडत बसू नका. साध्या कॅमेऱ्याने तिन्ही फोटो काढून ठेवा आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आलात की ॲपवर चढवा.