जुना पांढरा चहा : पुराण द्रव्य की शिळे द्रव्य?

चीनच्या फूजियान प्रांतातील फूदिंग व झेंगहे हे पांढऱ्या चहाचे मूळ प्रदेश होत. 'पहिल्या वर्षी चहा, तिसऱ्या वर्षी औषध, सातव्या वर्षी रत्न' अशी तेथील व्यापाऱ्यांची म्हण आहे. राणीसावरगावसारख्या आमच्या गावी चहा म्हणजे दूध-साखर घालून उकळलेलाच. तरी हे द्रव्य औषधी भांडारात ठेवावे काय, हा प्रश्न आज ना उद्या आपणांपुढे येणारच.

हा चहा भाजला अथवा वळला जात नाही. पाने पसरून कोमेजू देतात व मग सुकवितात, एवढाच संस्कार. त्यामुळे साठवणीत पानांत मंद परिवर्तन चालू राहते. कषाय रसास कारण होणारी कॅटेचिन द्रव्ये घटतात, रंग गडद होतो, चव गोडसर होते. कॅफिन मात्र फारसे उणावत नाही.

आपल्या शास्त्रास पुराणत्व नवे नाही. शार्ङ्गधरांनी औषधे नवीच योजावीत असे सांगून विडंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप व मध एवढीच अपवादात काढली. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य मानले. म्हणजे जुनेपणा हा सर्वत्र गुण नव्हे, तो द्रव्यपरत्वे ठरतो. चहा संहितांत नाही; त्यास 'पुराण' म्हणून शास्त्राचा आधार देणे आम्हांस मान्य नाही.

शिवाय जुनेपणा बनविताही येतो. ओलसर उष्णतेत ठेवून पाने लवकर काळी करतात. अशा पानांचा रंग एकसारखा काळपट असतो, त्यांना कुबट वास येतो व फांट आंबट लागतो. खऱ्या जुन्या चहात पानांच्या छटा भिन्न असतात, वास वाळल्या गवताचा वा खारकेसारखा येतो. साठवण कोरडी, अंधारी व गंधरहित हवी. हिंग, ओवा यांच्या बरण्यांशेजारी तो ठेवू नये. मराठवाड्याचा पावसाळा त्यास बाधतो.

करण्याची रीत फांटासारखीच, पण पुष्कळ पातळ. शार्ङ्गधरोक्त फांटात द्रव्याच्या चौपट पाणी. येथे ५ ग्रॅम पानांस सुमारे १५० मिलि, म्हणजे तीसपट. उकळते पाणी ओतून पहिले लगेच टाकून द्यावे. पुढे १५-२० सेकंदांनी गाळावे. तीच पाने पाच-सहा वेळा चालतात, दर वेळी थोडा अधिक काळ ठेवावी. फार जुनी पाने क्वाथासारखी उकळताही येतात : ५ ग्रॅमला पाऊण लिटर पाणी, मंद आचेवर काही मिनिटे. अष्टमांश आटविण्याच्या फंदात मात्र पडू नये, कडवट होईल. दूध घालू नये.

दुकानदार बंधूंनी तो पेय म्हणूनच विकावा, रोगनाशक म्हणून नव्हे. अनिद्रेच्या रुग्णास तो सायंकाळी वर्ज्य. चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो. म्हणून पांडुरोगी स्त्रियांस भोजनाच्या अथवा लोहकल्पाच्या वेळी तो मुळीच देऊ नये, मध्ये निदान एक तासाचे अंतर असावे.