पहिल्या आठवड्यातील स्तनपान : आईला हवा प्रत्यक्ष आधार

जन्मल्यानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, हा संदेश आता देशात खेडोपाडी पोहोचला आहे. त्याच्या आचरणाचे चित्र मात्र तितकेसे समाधानकारक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मधील ७८.९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. याच काळात पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ टक्के, म्हणजे जवळजवळ होते तेथेच राहिले. उत्तर प्रदेशात ते २४ टक्क्यांच्या आसपास, तर ओडिशात ६८ टक्क्यांच्या घरात होते. प्रसूती रुग्णालयात झाली की स्तनपान आपोआप सुरू होते, या समजाला हे आकडे आधार देत नाहीत.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'दूधच येत नाही'. वस्तुतः या दिवसांत पिवळसर, दाट चीक येतो व तो थोडाच असतो. नवजात बाळाच्या जठराची क्षमताही पहिल्या दिवशी एक-दोन चमचे एवढीच असते. दूध भरून येण्यास साधारणतः दुसरा ते चौथा दिवस उजाडतो. पहिलटकरणीला किंवा शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीला थोडा अधिक वेळ लागू शकतो. नेमक्या याच काळात बाळ रडू लागले की घरातील वडीलधारी मंडळी मायेपोटीच मध, गुळाचे पाणी किंवा वरचे दूध पुढे करतात. त्याने बाळाचे पोट भरते, ते कमी ओढते आणि जितके कमी ओढले जाईल तितके दूध कमी तयार होते. निराधार असलेली भीती अशा रीतीने खरी ठरते.

दुसरी अडचण वेदनेची. स्तनाग्रांना भेगा पडल्या की अनेक माता पाजणेच टाळतात. याचे कारण बहुधा बाळाला धरण्याच्या पद्धतीत सापडते. बाळाचे डोके व धड सरळ रेषेत, पोट आईच्या पोटाला टेकलेले आणि हनुवटी स्तनाला लागलेली असावी. तोंड मोठे उघडून केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा गडद भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. दुखत असेल तर बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. हे भित्तिपत्रक वाचून क्वचितच जमते; शेजारी बसून दाखविणारे कोणी तरी लागते. दूध दाटून स्तन कडक झाले, तर पाजण्यापूर्वी हाताने थोडे दूध काढावे, म्हणजे बाळाला पकड घेता येते. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर निजून पाजणे सोयीचे.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'मा' कार्यक्रमात परिचारिका व आशा कार्यकर्त्यांना अशाच साहाय्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. नवजात शिशूच्या गृहभेटींच्या वेळापत्रकात, प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास, आशा कार्यकर्तीची पहिली भेट तिसऱ्या दिवशी येते. सामान्य प्रसूतीनंतर ४८ तासांनी घरी परतलेल्या मातेच्या दृष्टीने तो दिवस अत्यंत नाजूक असतो, कारण दूध भरून येण्याचा आणि धीर सुटण्याचा काळ एकच. या भेटीत केवळ वजन घेऊन नोंदवही भरण्यापेक्षा बाळाचे एक पाजणे पूर्ण होईपर्यंत थांबणे अधिक मोलाचे ठरेल. आजी किंवा सासूबाईही त्या वेळी जवळ असाव्यात. वरचे दूध द्यायचे की नाही, हा निर्णय बहुधा त्यांच्याच हाती असतो.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणे, पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि दोन आठवड्यांच्या सुमारास वजन जन्माच्या वेळेइतके होणे, या खुणा पुरेशा आहेत. मात्र बाळ सुस्त असेल, ओढतच नसेल, लघवी फारच कमी होत असेल किंवा कावीळ वाढत असेल, तर त्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. आईला ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल व गरम झाला, तर तिलाही उपचारांची गरज असते. अशा वेळीसुद्धा पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.